कुलसुमची टिकाऊ चटणी

१

धोंडुबाईंचा साज गेला, ही बातमी शिवाजी पेठेत एकटी फिरलीच नाही. साज गेला आणि कुलसुमनं नेला, हे लोकांनी एकाच दमात सांगितलं आणि एकाच दमात ऐकलं. आधी चोर ठरवायचा, मग चोरी कशी झाली ते विचारायचं, ही आमच्या पेठेची जुनी खोड. अठ्ठ्याहत्तर सालीही ती होती, आजही काही गेलेली नाही.

साज साधासुधा नव्हता. जुन्या सोन्याचा, भरगच्च पानांचा, मागं सुती गोफ आणि लाल गोंडा असलेला अस्सल कोल्हापुरी. धोंडुबाईंच्या सासूचा तो. सासूमागं धोंडुबाईंनी मिरवला, आणि मालक वारल्यापासून ट्रंकेत पडून होता. तो गेला त्या दिवशी घरात वर्षाची चटणी झाली होती. चटणी करायला कुलसुम आली होती. घरात बाहेरचं माणूस तेवढं एकच. पेठेला एवढं पुरलं.

आता ही कुलसुम कोण, ते सांगायला हवं. चैत्र लागला की अर्ध्या पेठेची कांदा-लसूण चटणी तिच्या हातची. मिरच्या उन्हात तापवायच्या, मसाला तळायचा, कांडपावरनं कुटून आणायचा, चादरीवर पसरून पुरता निववायचा, मग चिनी मातीच्या बरणीत दाबून भरायचा, वर हिंगाचा खडा ठेवायचा आणि तोंडाला फडक्याचा दादरा बांधायचा. हे सगळ्याच बायकांना येतं. पण कुलसुमची चटणी टिकायची.

टिकाऊ हा शब्द दुकानदारांच्या तोंडी काय, बादलीपासून बनियनपर्यंत कशालाही लागतो. त्यांचं कोण मनावर घेतं. घरच्या बायका मात्र तो जपून वापरतात. आदळलं तरी फुटत नाही ते दणकट. वर्ष उलटलं तरी नासत नाही ते टिकाऊ. दणकट वस्तू बाजारात मिळते, टिकाऊ वस्तू कोणाच्या तरी हातातून यावी लागते. तसा हात पेठेत कुलसुमचा होता, आणि नवरा गेल्यापासून तिचं घर त्या एका शब्दावर चाललं होतं.

साज गेला आणि दारं मिटली. मिरच्या वाळवून बसलेल्या बायकाही म्हणायला लागल्या, यंदा आमची आम्हीच करतो बाई. तेवढ्यात दुसरा घाव बसला. धोंडुबाईंच्या फळीवरची नवी चटणी नासली. दादऱ्यावर बुरशीचे ठिपके आले, खोलीभर कुबट वास सुटला. पेठ म्हणाली, बघा, चोरीचा हात लागलेली चटणी, ती कशी टिकेल.

त्या दुपारी कुलसुम बाळाबाईंच्या दारात येऊन उभी राहिली. रडत नव्हती. तोंड उन्हानं आणि रागानं लाल झालं होतं.

"मावशी, साजाचं म्हणत्यात ते म्हणू देत. वरचा बघून घेईल. पर माझी चटणी नासली म्हणत्यात, ते मला सोसायचं न्हाय. माझ्या हातची चटणी नासत न्हाय. कायतरी झालंय त्या घरात."

२

बाळाबाईंचा जन्म तुरुंगात गेला. म्हणजे कैदी म्हणून नव्हे, बायकांच्या बराकीवर शिपाई म्हणून. रिटायर होऊन घरी आल्या आणि हातापायांना काम उरलं नाही. खुर्चीत बसल्या की उठायच्या, उठल्या की दारात जायच्या, दारातून कोपऱ्यापर्यंत आणि कोपऱ्यावरून परत. कमरेला किल्ल्यांचा जुडगा नाही, हे त्यांच्या कमरेला अजून पटलं नव्हतं. रात्री दाराची कडी दोनदा तपासायच्या आणि तरीही झोप लागायची नाही. अशा बाईला कुलसुमनं कोडं आणून दिलं, म्हणजे तहानलेल्याला तांब्याच दिला.

"बस," बाळाबाई म्हणाल्या आणि स्वतः मात्र येरझाऱ्या घालायला लागल्या. "धोंडुबाईंच्या मिरच्या कुठल्या होत्या?"

"संकेश्वरी आणि ब्याडगी. त्यातनंच जरा जास्त कुटली आणि तुमाला आणून दिली की. ध्यानात न्हाय व्हय?"

बाळाबाई थबकल्या. फळीवरची आपली लहान बरणी त्यांनी काढली, हात पदराला पुसले आणि दादरा सोडला. एक टोक ओढलं तशी गाठ मोकळी झाली. चटणीचा खमंग, नाकात चढणारा वास आला. बुरशीचं नाव नाही.

"एकच मिरची, एकच दिवस, एकच हात," त्या पुटपुटल्या. "हितं टिकली आणि तिथं नासली."

"बरणीत ओल गेली मावशी. दुसरं काय नसतंय. ओल गेल्याबिगर चटणी नासत न्हाय."

"तू भरलीस तवा ओलं काय होतं?"

"बरणी दोन दिस उन्हात तापवलीवती. मी भरली, शालनसमोर दादरं बांधलं, भाकरी खाल्ली आणि दुपारीच निघाले."

शालन म्हणजे धोंडुबाईंची सून. बाळाबाईंनी बरणीच्या सुटलेल्या गाठीकडे पाहिलं.

"सगळ्या बरण्यांना अशीच सुरगाठ मारतीस?"

"सगळ्यांना. चूल पेटलेली असती, एका हातात पळी असती. बाईला एका हातानं दादरा सोडता यावा म्हणून."

बाळाबाईंनी चपला पायात सरकवल्या. तुरुंगात त्या एक गोष्ट शिकल्या होत्या. वस्तू उचलणं सोपं, ती ठेवायची कुठं हे अवघड. उचलताना माणूस चुकत नाही, ठेवताना चुकतं.

"तू घरला जा," त्या कुलसुमला म्हणाल्या. "आणि कुणाशी बोलू नकोस. साज त्या घरातनं बाहेर गेलाच न्हाय, असं मला वाटायला लागलंय."

३

धोंडुबाईंच्या दारात, अगदी उंबऱ्याला लागून, त्यांचा धाकटा भाऊ पिराजी खुर्ची टाकून बसला होता. मलकापूरहून तो बहिणीकडे आला होता तो साज न्यायलाच. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि लग्नात नवरीच्या गळ्यात आत्याचा साज असावा अशी त्याची हौस. साज हाती पडायच्या आत गेला. तेव्हापासून पिराजी हलायला तयार नव्हता.

"चोर घावल्याबिगर मी मलकापूर गाठत न्हाय," त्यानं बाळाबाईंना न विचारता सांगितलं. "ट्रंका उपसल्या, धान्याची पिपं उपसली. त्या कुलसुमचं गठुडंबी सोडून बघितलं. बाई लई पोचलेली हाय."

"गठुड्यात काय मिळालं?"

"काय न्हाय. म्हणूनच म्हणतोय, पोचलेली हाय."

असल्या अकलेपुढे काय बोलणार. बाळाबाई आत गेल्या.

धोंडुबाई माजघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या. अंगानं वाळल्या होत्या, डोळ्यांखाली काळं आलं होतं. साजासाठी माणूस झुरतं म्हणतात तसं.

"साज कुठं ठेवलावतास?" बाळाबाईंनी विचारलं.

"सांगून सांगून तोंड दुखलं," धोंडुबाई म्हणाल्या. "पिराजीला द्यायचा म्हणून धुतला, वाळवला, फडक्यात गुंडाळून फडताळात ठेवला. कुलसुम गेली. दिवेलागणीला बघते तर फडकं हाय आणि साज न्हाय."

"चांगला वाळवलावतास?"

"न्हाय तर काय. वला दागिना कोण ठेवतंय?"

स्वयंपाकघरात शिरताच कुबट वास नाकाला झोंबला. शालन चुलीशी होती. तिनं फळीकडे बोट केलं. एकीपुढे एक अशा दोन मोठ्या बरण्या होत्या. पुढची साफ. मागचीच्या दादऱ्यावर हिरवट पांढरे ठिपके.

"एकच नासलीया?" बाळाबाईंनी विचारलं. पेठेनं सगळी चटणी नासल्याचं सांगितलं होतं.

"एकच," शालन हळू आवाजात म्हणाली. "पुढची चांगली हाय. मी म्हटलं, ही उकिरड्यावर टाकून येते, वासानं घास उतरत न्हाय. तर आत्याबाई अंगावर आल्या. म्हणत्यात, आषाढात त्र्यंबोली देवीचा निवद झाल्याशिवाय नव्या बरणीला हात लावायचा न्हाय. आमच्या घरची रीत हाय ती. पर नासलेल्याला कसला निवद दाखवायचा, मावशी?"

बाळाबाईंनी टाचा उंचावून दोन्ही दादरे पाहिले. पुढच्या बरणीला सुरगाठ होती. मागच्या बरणीला आवळून मारलेली निरगाठ.

"शालन, कुलसुम गेली तवा दोन्ही गाठी कशा होत्या?"

"सुरगाठीच. माझ्यासमोर मारल्यात. मी टोकं नीट केली." शालननं वर पाहिलं आणि तिच्या हातातली पळी थांबली. "अगोबाई. ही कुणी बदलली?"

म्हणजे कुलसुम घराबाहेर पडल्यावर कोणीतरी ती बरणी उघडली होती, आणि पुन्हा उघडू नये अशी बांधली होती. बाळाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. माजघरात पावलं वाजली. धोंडुबाई दारात येऊन उभ्या होत्या आणि बरणीकडे पाहत होत्या.

४

त्या संध्याकाळी बाळाबाई तालमीच्या नळाशी जाऊन थांबल्या. डोक्यात एकच हिशेब घोळत होता. बरणीत ओल गेली. कोल्हापूरची कुठलीही बाई, अगदी काल लग्न होऊन आलेली पोरही, चटणीच्या बरणीत ओला हात घालत नाही. आई पहिल्यांदा चपाती शिकवत नाही, हे शिकवते. मग ओला हात कोणाचा? पुरुषाचा. पुरुष बरणी भरत नाही, त्याला तिची किंमतही नसते.

धोंडुबाईंचा मुलगा कृष्णात फुटबॉल खेळून आला आणि नळाखाली डोकं धरलं. पेठेच्या संघात उजवीकडून पळायचा तो. दुकानात सायकली दुरुस्त करायचा, पण जीव मैदानात. बाळाबाईंना पाहताच त्यानं केस झटकले.

"काय मावशी, आज हिकडं?"

"चटणीच्या बरणीत हात कुणी घातला, ते इचारायला आले."

मैदानावर दहाजणांच्या अंगावर जाणारा गडी, आईच्या बरणीचं नाव काढताच पायांकडे बघायला लागला.

"आईला सांगू नका," तो म्हणाला.

बाळाबाई पुढं सरकल्या. "काय सांगू नको?"

"निवदाच्या आधी खाल्ली म्हणून. खेळून आलं की भूक लागतीया मावशी. शालननं भाजी केलीवती दोडक्याची. दोडक्यावर भाकरी कुठं जाते व्हय? घरात कोण नव्हतं, दादरा सोडला आणि जराशी घेतली."

"वल्या हातानं?"

"हात कशाला घालू? कोरड्या भाकरीच्या तुकड्यानं काढली. एवढं मलाबी कळतंय की. आईनं लहानपणी याच पायी सोलपाटलंय मला."

"कुठल्या बरणीतली?"

"पुढच्या. आधी मागचीच सोडायला बघितली, म्हंजे कुणाला पत्ता लागणार न्हाय. पर ती गाठ सुटंना. दातानं ओढली तरी सुटंना. साज गेला त्याच रातची गोष्ट."

बाळाबाईंचा हिशेब मोडला. पुढच्या बरणीतली चटणी तर टिकली होती. मागच्या बरणीची गाठ त्या रात्रीच आवळलेली होती. कृष्णात खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणाऱ्या बाया त्यांनी इतक्या पाहिल्या होत्या की खरं बोलणारा गडी त्यांना लांबून ओळखू यायचा.

"जा घरला," त्या म्हणाल्या. "आणि दोडक्याला नावं ठेवू नकोस."

मग उरला कोण? दिवसभर दारात राखण करत बसलेला, ट्रंका आणि पिपं उपसणारा आणि चटणीच्या बरणीला तेवढा हात न लावणारा पिराजी.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी पिराजी शेजारच्या हॉटेलात मिसळ खायला बसला होता. बाळाबाई समोरच्या बाकावर बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या.

"पावणं, सगळं घर उपसलं म्हणता. बरण्या का न्हाय बघितल्या?"

पिराजीनं तर्री पुसत मान हलवली. "मी म्हटलंवतं की. आक्का म्हणाली, मेल्या, बायकांच्या बरण्यात हात घालतोस, वरसाची चटणी नासंल. बरोबर हाय तिचं. मला काय कळतंय त्यातलं. मी गप बसलो."

"साज तुमाला द्यायला तिचं मन होतं का?"

"व्हय तर. शब्द टाकला आणि लगेच म्हणाली, ने की, तुझाच हाय. माझी आक्का तशी न्हाय हो. थोरल्या पोरीच्या लग्नाला नथ दिली होती, तीबी अशीच. एका शब्दावर."

"नथ परत दिली?"

पिराजी जरा घुटमळला. "पोरीच्या नाकात शोभून दिसती. राहिली ती राहिलीच. आक्कानं कधी मागितली न्हाय."

पिराजीच पुढं बोलत राहिला, कारण गप्प माणसासमोर असल्या लोकांना बोलल्याशिवाय राहवत नाही.

"त्या दिवशीबी बघा. कुलसुम भाकरी खायला बसली आणि आक्का लगेच परात घेऊन बसली. रिठ्याच्या पाण्यात साज घातला. मी म्हटलं, आक्का, उद्या सकाळच्या गाडीनं जातोय, राहू दे की. तर म्हणाली, पोरीच्या गळ्यात मळका घालू व्हय? घासत बसली बिचारी. कुलसुम निघायच्या आधीच मी कोपऱ्यावर पान खायला गेलो, परत आलो, तर दिवेलागणीला ही बोंब."

"तुमी पान खायला गेला तवा साज कुठं होता?"

"परातीतच की. पाण्यात."

बाळाबाई उठल्या आणि हॉटेलाबाहेर पडल्या. रस्त्यावरून चालताना त्यांच्या कानात धोंडुबाईंचं वाक्य होतं. वाळवला, फडक्यात गुंडाळला. अख्खा साज मागच्या गोफासकट पाण्यात बुडालेला. सोनं पुसलं की कोरडं होतं. सुती गोफ आणि जाड गोंडा उन्हात दिवसभर टांगला तरी आतून दमट राहतो. तो दिवेलागणीच्या आत वाळणार कसा?

त्या रस्त्याच्या मधोमध थांबल्या. मागून सायकलवाल्यानं घंटी बडवली. इतका वेळ त्या ओला हात शोधत होत्या, आणि हात कोरडाच होता.

६

धोंडुबाई चुलीपाशी एकट्या होत्या. शालनला बाळाबाईंनी काहीतरी कारण काढून बाजारात पाठवलं होतं. पिराजी पुन्हा दारात येऊन बसला होता.

बाळाबाईंनी स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि मागची बरणी फळीवरून खाली घेतली.

"ठेव ती," धोंडुबाई म्हणाल्या.

"का? नासलेली हाय. टाकून येते."

"निवद व्हायचाय."

"धोंडे, तुझा संसार मी लग्नापासनं बघते. फाटलेलं दूध तू दारात ठेवत न्हाईस. आणि नासलेली चटणी फळीवर ठेवून सगळं घर नाक दाबून जेवतंय, ते निवदासाठी?"

धोंडुबाईंनी पदर तोंडाला लावला. बाळाबाई जमिनीवर बसल्या, बऱ्याच दिवसांनी एका जागी स्वस्थ बसल्या.

"ऐक. कुलसुमनं दोन्ही बरण्या सुरगाठीनं बांधल्या, शालननं बघितलं. ती गेल्यावर ही बरणी उघडली गेली, म्हणून हिला निरगाठ. त्याच रातीला कृष्णातला ती सुटली न्हाय. का सुटली न्हाय ते त्यालाच इचार, मी चुगली करत न्हाय. म्हंजे कुलसुम सुटली. आता राहिली घरातली माणसं. पिराजीला साज मिळणारच होता, तो चोरील कशाला? आणि बरण्या बघायला निघाला तवा त्याला तूच अडवलंस. शालननं साज हिच्यात ठेवला असता तर ती बरणी उकिरड्यावर टाकते म्हणाली नसती. कृष्णातनं ठेवला असता तर ती सोडायला दात लावले नसते."

चुलीवर पाणी उकळत होतं. धोंडुबाईंनी ते उतरवलं नाही.

"बरणीत ओल गेली, आणि ओला हात घालणारी बाई आपल्यात न्हाय," बाळाबाई म्हणाल्या. "मी फसले ती तिथंच. तू हात पुसलेस. चांगले कोरडे करूनच बरणीला लावलेस, हाडात भिनलेली सवय हाय ती. साज पुसलास. पर पिराजी पान खाऊन यायच्या आत सगळं करायचं होतं. मागचा गोफ पाणी पिऊन टम्म होता, ते घाईत ध्यानात आलं न्हाय. आता सांग, घालू हात, का तू घालतीस?"

धोंडुबाईंनी विळी घेतली, निरगाठ कापली. बुरशीचा थर बाजूला करून त्यांनी कोपरापर्यंत हात खुपसला. साज वर आला तो लाल चटणीनं माखलेला, गोंडा कुजून काळा पडलेला.

"नथ गेली," त्या म्हणाल्या. "आता ह्योबी गेला असता. शालन या घरात आली तवाच तिला शब्द दिलावता, सून म्हणून तुझ्या गळ्यात घालीन. आणि भावाला न्हाय कसं म्हणू? आईबाप गेले, माहेर म्हणून तेवढा एक उरलाय. न्हाय म्हटलं तर दिवाळीला मला न्यायला कोण येणार? म्हटलं चोरीला गेला म्हणावं, नातं टिकंल. कुलसुमचं नाव मी न्हाय घेतलं, बाळाबाई. देवाशप्पथ न्हाय घेतलं. पिराजीनं घेतलं."

"आणि तू गप बसलीस."

"गप बसले."

"तुझं नातं टिकावं म्हणून तिची चटणी नासवलीस. तिच्याकडं दुसरं काय होतं गं?"

धोंडुबाई मग रडायला लागल्या. बाळाबाईंनी त्यांना रडू दिलं. तुरुंगातल्या रडण्याची सवय होती, तरी या रडण्यानं त्यांना कसंतरी झालं, कारण ही बाई वाईट नव्हती आणि तरी तिनं वाईट केलं होतं.

"सापडला म्हणू या का?" धोंडुबाईंनी डोळे पुसत विचारलं. "देव्हाऱ्यामागं पडलावता म्हणू. म्हंजे कुलसुमवरचंबी जाईल आणि पिराजीलाबी कळायचं न्हाय."

बाळाबाईंना क्षणभर ते सोपं वाटलं. मग त्यांनी मान हलवली. "पेठ म्हणंल, कुलसुमनं भिऊन परत आणून टाकला. तिच्यावरचं जाणार न्हाय, अजून घट्ट बसंल."

त्या उठल्या आणि त्यांनी स्वयंपाकघराचं दार सताड उघडलं.

"पावणं," त्यांनी हाक मारली, "आत या. तुमची आक्का काय सांगतीया ते ऐका."

७

पिराजीनं सगळं उभ्यानं ऐकलं. धोंडुबाई साज हातात धरून बोलत होत्या, चटणी कोपरावरून गळत होती. बोलून संपलं. मग खुंटीवरची पिशवी काढून त्यानं खांद्याला लावली.

"आक्का, न्हाय म्हटली असतीस तर मी रागावलो असतो," तो म्हणाला. "वरीसभर बोललो नसतो. मग आलो असतो की."

तो निघून गेला. पुढच्या दिवाळीला आला का, ते मला माहीत नाही. ते त्या भावाबहिणीचं.

बाळाबाई तिथून तडक कुलसुमकडे गेल्या आणि सगळं सांगितलं. त्यांना वाटलं होतं कुलसुम हसेल, निदान सुटल्यासारखा श्वास सोडेल. कुलसुम चटईवर बसून ऐकत राहिली.

"धोंडुबाई येते म्हणतीया," बाळाबाई म्हणाल्या. "तुझ्या पाया पडते म्हणतीया. नवी चटणी तुलाच करायची हाय म्हणतीया."

"पाया नको. माझ्यापरास मोठी हाय ती." कुलसुमनं जरा विचार केला. "चटणी करीन. पर तिच्या घरात न्हाय. मिरच्या हितं, माझ्या दारात आणून टाकायच्या. आपल्या डोईवर, गल्लीतनं चालत. शालनच्या न्हाय, हमालाच्या न्हाय. आणि वाटंत कुणी इचारलं, कुठं निघाली, तर काय झालं ते सांगायचं. गुपचूप सांगितलेलं टिकत न्हाय, मावशी. चारचौघांत सांगितलेलं टिकतंय."

आता तुम्हाला पेठ ठाऊक नसेल तर सांगतो. आमच्याकडं डोईवर बुट्टी घेतलेल्या बाईला कुठं निघालीस असं विचारल्याशिवाय कोणी सोडत नाही. आणि धोंडुबाई तर जुन्या सरदार घराण्यातल्या सून, आयुष्यात बाजाराची पिशवीही त्यांनी स्वतः उचललेली नव्हती. बाळाबाईंना वाटलं, हे काही व्हायचं नाही. रात्रभर त्या घरातल्या घरात फिरत राहिल्या.

सकाळी ऊन तापायच्या आत धोंडुबाई घराबाहेर पडल्या. डोईवर चुंबळ, चुंबळीवर मिरच्यांची बुट्टी. शालन मागून धावत आली, तिला त्यांनी हातानंच परत पाठवलं. बाळाबाई थोडं अंतर ठेवून मागं चालल्या.

पहिल्याच दारात आकारामची बायको सडा टाकत होती. "कुठं वो, धोंडुबाई, आणि हे काय?"

धोंडुबाई थांबल्या. "कुलसुमकडं," त्या म्हणाल्या. मग पुढचं येईना. आकारामची बायको तांब्या हातात धरून वाट बघत राहिली. "साज तिनं न्हाय नेला. मीच लपवलावता. भावाला द्यायचा नव्हता म्हणून. चटणीबी माझ्याच पायी नासली."

दुसऱ्या दारात तेच. तिसऱ्या दारात आवाज अगदी खाली गेला, तेव्हा आतून म्हातारीनं विचारलं, काय म्हणाली गं, ऐकू आलं न्हाय, आणि धोंडुबाईंना ते मोठ्यानं पुन्हा सांगावं लागलं. तालमीपाशी पोरं उभी होती, त्यात कृष्णात होता. त्यानं आईकडे पाहिलं आणि बुट्टी घ्यायला पुढं झाला. धोंडुबाईंनी मान हलवली. बुट्टी हलली, एक दोन मिरच्या खाली पडल्या. त्या कृष्णातनं उचलल्या आणि हातात धरून तोही मागं चालू लागला.

कुलसुमच्या दाराशी पोचेपर्यंत निम्मी गल्ली बाहेर आली होती. कुलसुम उंबऱ्यात उभी होती. डोईवरचं ओझं एकटीला उतरवता येत नाही, समोरच्यानं हात द्यावा लागतो. धोंडुबाई घामानं निथळत उभ्या राहिल्या. बोलायचं सगळं वाटेत बोलून झालं होतं. कुलसुमनं त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं, मग पुढं होऊन बुट्टीला दोन्ही हात लावले आणि ती खाली घेतली.

"आत सावलीत बसा," ती म्हणाली. "देठं काढायची राहिल्यात. तुमीच काढा."

धोंडुबाई आत जाऊन बसल्या आणि देठं काढायला लागल्या.

गल्ली अजून हलली नव्हती. समोरच्या घरातली बाई, जिनं सगळ्यात आधी कुलसुमला नको म्हटलं होतं, पदराचं टोक बोटाला गुंडाळत पुढं आली.

"कुलसुम, आमच्याबी मिरच्या वाळून पडल्यात बघ. कधी आणू?"

कुलसुमनं मिरची हातात घेऊन मोडून पाहिली, कडक आहे का ते.

"आधी ह्यांच्या हुदेत," ती म्हणाली. "मग ओळीनं या."